ध्यास असावा, हट्ट नसावा

प्रश्न : मी कारखान्यात पर्यवेक्षक आहे. काम वेळेआधी संपवण्याचा मला ध्यास असतो. पण सहकाऱ्याची लहानशी चूकही सहन होत नाही आणि सुट्टीतही अपराधी वाटते. माझा स्वभावच सदोष आहे का?

उत्तर : नाही. घाई, स्पर्धा आणि चटकन येणारा राग यांच्या मिश्रणाचे वर्णन अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ फ्रीडमन व रोझेनमन यांनी १९५९ मध्ये ‘ए’ प्रकारचे वर्तन म्हणून केले. पुढील संशोधनात मात्र मेहनतीपेक्षा वैरभावच हृदयाला अधिक घातक ठरताना दिसला, आणि हा दिलासा आपण मनापासून घ्यावा, असे मला वाटते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या मते, काम उत्तम व्हावे ही इच्छा निरोगी असते. ते झाले नाही तर मी नालायक, हा हट्ट तसा नसतो. राग येताच मनातील हट्ट कागदावर लिहून तपासावा. झोप उडाली असल्यास समुपदेशकांना अवश्य भेटावे.