पोळी बंद केली, तरी रिपोर्ट सुधारेना

प्रश्न: माझी मुलगी ७ वर्षांची. वजन वाढेना, पोट सारखं फुगायचं, हिमोग्लोबिन ८. मग रक्ताची टीटीजी (अँटीबॉडी मोजायची) टेस्ट, एंडोस्कोपी करून सिलियाक निघालं, म्हणजे गहू-सातूतल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार. ८ महिने झाले पोळी, ब्रेड, बिस्किट सगळं बंद, भात नि ज्वारीच्या भाकरीवरच आहे तरी टीटीजी थोडंसंच उतरलंय. सासूबाई म्हणतात आठवड्यातून एखादी पोळी दिली तर काय बिघडतंय. धाकटा ४ वर्षांचा, त्याला काहीच त्रास नाही, त्याची पण टेस्ट करायची का?
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, उतरलंय ना, मग घाबरू नका. सुरुवातीचा आकडा खूप वर असेल तर नॉर्मलला यायला वर्षसुद्धा लागतं. पण तरी मी आधी तुमच्या मिसळणाच्या डब्यात डोकावेन. डबीतला हिंग म्हणजे नुसता हिंग नसतोच, त्यात खूपदा मैदा किंवा गव्हाचं पीठ घातलेलं असतं आणि आपल्याकडे तर आमटी, भाजी, ताक काहीच हिंगाशिवाय होत नाही, म्हणजे रोज दोन्ही वेळा पोटात जातंय की! ग्लूटेन फ्री लिहिलेला घ्या नाहीतर सरळ बंद करा.

मग गिरणी. ज्वारी तुम्ही कितीही निवडून न्या, तुमच्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात आणि ते आत राहिलेलं पीठ तुमच्या डब्यात येतं. परवडत असेल तर घरघंटी घ्या, आणि तिच्यात गहू कधीच नाही, पाहुणे आलेत म्हणून एकदाच वगैरे पण नाही. मेतकूट, थालीपिठाची भाजणी यात बरेचदा गहू असतो, सातूचं पीठ नको, आणि कुरडया तर गव्हाच्याच चिकाच्या, हे लोक हमखास विसरतात. तिचं पोळपाट-लाटणं, तवा वेगळा ठेवा, पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पापड तळू नका.

सासूबाईंना हिशोब सांगा. एका पोळीत साधारण अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं आणि रोज ५० मिलीग्रॅम गेलं तरी आतड्याला इजा होऊ शकते, म्हणजे पोळीचा जेमतेम पन्नासावा तुकडा! पोट दुखलं नाही म्हणजे आत काही झालं नाही असं नसतं. आणि "पूर्वी नव्हतं असलं काही" असं त्या म्हणाल्या तर सांगा, नव्हतं कसं, "पोराच्या अंगालाच लागत नाही" म्हणायचे त्यातली काही पोरं अशीच असणार. गणपतीत उकडीचे मोदक मात्र खुशाल द्या, तांदळाचेच की ते, फक्त पिठी घरी दळलेली हवी.

धाकट्याची टेस्ट कराच. सख्ख्या भावंडांत साधारण १० ते १५ जणांत एकाला निघतं, आणि त्रास नसतानाही निघतं. टीटीजीबरोबर टोटल आयजीए (रक्तातल्या एका प्रकारच्या अँटीबॉडीचं एकूण प्रमाण) पण करायला सांगा, ते कमी असेल तर टीटीजी खोटंच नॉर्मल दिसतं. टेस्ट होईपर्यंत त्याची पोळी बंद करू नका हं, नाहीतर रिपोर्टात काही सापडणारच नाही.