पीओ फाइलमध्ये अवतरणचिन्हे आणि लांब वाक्ये कशी लिहावीत?

आपण दोन अडचणी मांडल्या आहेत: भाषांतरात अवतरणचिन्ह घातले की पीओ फाइल (प्रोग्राममधला मूळ मजकूर आणि त्याचे भाषांतर जोडीने ठेवणारी फाइल) कंपाइल होत नाही, म्हणजे प्रोग्रामला वापरता येईल अशा रूपात बदलत नाही, आणि लांब वाक्य दोन-तीन ओळींत लिहिले की पडद्यावर शब्द एकमेकांना चिकटतात. इंदुरातील एका मराठी ग्रंथालयाच्या देवघेवीच्या प्रणालीचे मराठीकरण आम्ही काही जणांनी केले, तेव्हा या दोन्ही अडचणी मलाही आल्या होत्या. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनसंचाच्या पीओ फाइलमध्ये साधे दुहेरी अवतरणचिन्ह (") हे मजकुराचे कुंपण असते. ते मध्येच आले की मजकूर तिथे संपला असे कंपायलर धरतो आणि पुढच्या शब्दांवर अडतो. आत तेच चिन्ह हवे असेल तर त्याच्या आधी बॅकस्लॅश द्यावा: "\"नवीन नोंद\" हे बटण दाबा". खुद्द बॅकस्लॅश हवा असेल, उदाहरणार्थ विंडोजमधील फोल्डरचा पत्ता लिहिताना, तर तो दोनदा लिहावा. एकेरी चिन्हाला इथे काहीच करावे लागत नाही. जावा या प्रोग्रामिंग भाषेतील मेसेजफॉरमॅट या मजकुराच्या साच्यात ते दोनदा लिहावे लागते, पण त्या सवयीने साध्या पीओ मजकुरातही दोनदा लिहिले तर पडद्यावर दोनच दिसतील.

माझा स्वतःचा आग्रह असा आहे की मराठी भाषांतरात छापील पुस्तकांतली वळणदार चिन्हेच वापरावीत: ‘नवीन नोंद’ हे बटण दाबा. त्यांना बॅकस्लॅश लागत नाही आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांना तीच ओळखीची असतात. फक्त फाइलच्या शीर्षनोंदीत (सुरुवातीच्या नोंदीत) यूटीएफ-८ हे अक्षरसंकेतन लिहिलेले असावे आणि फाइल खरोखर त्याच स्वरूपात जतन केलेली असावी. मात्र मजकुरात एचटीएमएलचा टॅग असेल तर त्याच्या आतली चिन्हे साधीच ठेवावीत, नाहीतर दुवा चालणार नाही.

आता शब्द चिकटण्याविषयी. फाइलमधली ओळ आणि पडद्यावरची ओळ यांचा एकमेकींशी संबंध नाही. लांब मजकूर लिहिताना पहिल्या ओळीत रिकामी अवतरणचिन्हे ठेवून पुढचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र चिन्हांत लिहितात:

""
"आपल्याकडील पुस्तक परत करण्याची मुदत "
"काल संपली आहे."

हे तुकडे कोणतीही जागा न सोडता जोडले जातात, म्हणून ‘मुदत’नंतर, चिन्ह बंद होण्यापूर्वी, एक मोकळी जागा ठेवलेली आहे. ती राहून गेल्यामुळे आमच्या पडद्यावर कितीतरी दिवस ‘मुदतकाल संपली आहे’ असे दिसत होते, आणि ते वाचकांनी दाखवून दिले याची मला आजही खंत वाटते. पडद्यावर खरोखर नवी ओळ हवी असेल तर बॅकस्लॅश-एन (\n) लिहावे. चिन्हांच्या आत नुसते एंटर दाबल्यास फाइल सदोष ठरते. मूळ मजकुराच्या शेवटी बॅकस्लॅश-एन असेल तर भाषांतराच्या शेवटीही ते असलेच पाहिजे.

एमएसजीआयडी (msgid) या भागातील मूळ इंग्रजी मजकुराला हात लावू नये, त्यात चूक दिसली तरीही. प्रोग्राम त्याच मजकुरावरून भाषांतर शोधतो. एक अक्षर बदलले तरी नोंद सापडत नाही आणि पडद्यावर इंग्रजीच येते.

टक्का-एस (%s), टक्का-डी (%d) या खुणांच्या जागी प्रोग्राम नाव किंवा संख्या भरतो, म्हणून त्याही जशाच्या तशा ठेवाव्यात. मराठी वाक्यात त्यांचा क्रम बदलावा लागला तर टक्क्याच्या चिन्हापुढे क्रमांक आणि डॉलरचे चिन्ह देता येते, पण तो क्रमांक देवनागरी अंकात लिहू नये. प्रोग्रामला तो कळत नाही.

फाइल पुढे पाठवण्यापूर्वी एमएसजीएफएमटी (msgfmt) ही गेटटेक्स्टची आज्ञा तपासणीच्या पर्यायासह चालवावी. बॅकस्लॅश न दिलेली अवतरणचिन्हे, मूळ मजकुराशी जुळत नसलेल्या खुणा आणि राहून गेलेले बॅकस्लॅश-एन ती ओळ क्रमांकासह दाखवते. चिकटलेले शब्द मात्र तिला दिसत नाहीत, त्यासाठी प्रत्येक पडदा उघडून वाचावाच लागतो.