हायलाइन कास्ट म्हणजे किडनी बिघडली असं नाही

राजगडाचा ट्रेक करून आलात, दुसऱ्या दिवशी हेल्थ चेकअप झालं, लघवीच्या रिपोर्टमध्ये 'हायलाइन कास्ट 1-2' (किडनीच्या नळीत थिजलेल्या प्रोटीनचे पारदर्शक साचे) आलं. मग हा साचा टॅम-हॉर्सफॉल प्रोटीनचा असतो हे नेटवर वाचून "माझ्या किडनीतून प्रोटीन जातंय का?" असं तुम्ही विचारलंय. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल, लघवीत अल्ब्युमिन निल. म्हणजे निम्मं उत्तर तुमच्याच रिपोर्टमध्ये आहे.

आपण 'प्रोटीन जातं' म्हणतो ते बहुतेक वेळा अल्ब्युमिन. ते रक्तातलं, किडनीची गाळणी सैल पडली की निसटतं. टॅम-हॉर्सफॉल प्रोटीन मात्र रक्तातून येतच नाही. किडनीतल्या बारीक नळीचं जे वळण असतं, त्या हेन्लेच्या लूपच्या जाड, वर चढणाऱ्या भागातल्या पेशी ते स्वतः बनवतात आणि लघवीत सोडतात. निरोगी माणसाच्या लघवीत सगळ्यात जास्त असणारं प्रोटीन हेच. आता त्याला युरोमोड्युलिन म्हणतात.

1950 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टॅम आणि हॉर्सफॉल या शास्त्रज्ञांना ते सापडलं, तेही किडनीचा अभ्यास करताना नव्हे. इन्फ्लुएंझाचा विषाणू तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो, ते लघवीतलं काहीतरी थांबवतंय असं त्यांना दिसलं. लघवीत मीठ घालून त्यांनी ते साक्याच्या रूपात वेगळं काढलं.

त्याचं काम मला फार आवडतं. त्याचे लांबच लांब धागे होतात आणि त्यांवर साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात. युरिन इन्फेक्शन करणारा ई. कोलाय मूत्राशयाच्या भिंतीवरची जी साखर पकडून चिकटतो, तीच इथेही असते. तो फसतो, धाग्यांत अडकतो आणि लघवीबरोबर बाहेर जातो. हे प्रोटीन नसलेल्या उंदरांना इन्फेक्शन लवकर होतं. मुतखड्याचे स्फटिक एकमेकांना चिकटू नयेत म्हणूनही त्याची मदत होते.

पाणी कमी, घाम जास्त, लघवी दाट झाली की हेच प्रोटीन नळीत थिजतं आणि नळीच्या आकाराचा साचा बाहेर पडतो. तोच हायलाइन कास्ट. तीस वर्षं मायक्रोस्कोपवर बसलोय, तरी कंडेन्सर खाली घेऊन उजेड मंद केल्याशिवाय तो मलाही दिसत नाही, इतका पारदर्शक. घाईत तो सुटतो, म्हणून तुमच्या टेक्निशियनचं मी कौतुकच करेन. ग्रॅन्युलर (दाणेदार) किंवा तांबड्या पेशींचे कास्ट असते तर मात्र माझा सूर वेगळा असता.

"हे वाढवायला काय खाऊ?" याचं उत्तर: काही नाही. ज्यांच्यात जनुकामुळे ते जास्त बनतं, त्यांच्यात मिठाने बीपी वाढण्याची प्रवृत्ती दिसते.

दोन ठिकाणी मात्र हा रखवालदार अंगावर येतो. मायलोमात (अस्थिमज्जेचा कॅन्सर) रक्तातल्या लाइट चेन, म्हणजे अँटिबॉडीचे सुटे तुकडे, त्याला चिकटून नळ्या तुंबवतात, आणि लघवी तपासायच्या साध्या पट्टीवर त्या बहुधा दिसत नाहीत. दुसरं म्हणजे युएमओडी, म्हणजे हे प्रोटीन बनवणाऱ्या जनुकातला दोष. बिघडलेलं प्रोटीन पेशीतच अडकतं, विशीत-तिशीत गाउट (युरिक ॲसिडने सांधे सुजणं) होतो, क्रिएटिनिन हळूहळू चढतं आणि लघवी मात्र स्वच्छ! आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला शक्यता निम्मी. अशा घरांत वर्षानुवर्षं नुसत्या युरिक ॲसिड कमी करायच्या गोळ्या चालू असतात.

आठवडाभर ट्रेक-जिम नको, पाणी नेहमीसारखं प्या आणि सकाळची ताजी लघवी पुन्हा तपासा. दरम्यान घरात कुणाला तरुणपणी गाउट किंवा डायलिसिस झालं होतं का, तेवढं काका-आत्यांना विचारून इथे लिहा.