पेत्राला आणायला किती माणसं गेली?

प्रिय पोरी,

ख्रिस्तात सलाम.

रविवारी बायबल प्रश्नमंजुषेचा बक्षीस समारंभ सुरू असतानाच तू चर्चच्या मागच्या दाराने सटकलीस, म्हणून हे पत्र. फोन केला असता तर "हो बाई, हो बाई" म्हणून ठेवून दिला असतास. कागदावरचं निदान दोनदा वाचशील.

ज्या प्रश्नावर घोडं अडलं तो आधी समोर ठेवू. पाळकसाहेबांनी वाचायला सुरुवात केली, "पेत्राला बोलावून आणण्यासाठी किती माणसे..." आणि तू बझर दाबलास, तुझा दिवा लागला. ते थांबले. तू ताडकन उभी राहून "तीन" म्हणालीस. मग तोच प्रश्न पलीकडच्या संघाला पूर्ण वाचून दाखवला गेला: "पेत्राला बोलावून आणण्यासाठी किती माणसे लोद येथे पाठवण्यात आली?" त्या पोराने शांतपणे "दोन" सांगितलं आणि कप तिकडे गेला.

तुझे तीन कुठून आले ते मला ठाऊक आहे. कर्नेल्य या रोमी शताधिपतीने पेत्राला आणायला यापोला दोन चाकर आणि एक शिपाई धाडला होता; बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, दहावा अध्याय. पण त्याच्या आदल्याच अध्यायात टबीथा नावाची शिष्या वारली, तेव्हा यापोच्या शिष्यांनी पेत्राला आणायला लोदला दोघांना पाठवलं होतं. एका पानाच्या अंतरात पेत्राला दोनदा बोलावणं आलंय, आणि ही दोन्ही तुला पाठ आहेत. मीच तर ऐकून घेतली होती तुझ्याकडून! म्हणजे अभ्यासात खोट नव्हती. "किती" ऐकून तुला काय विचारलंय ते कळलं; कुठलं विचारलंय ते कळायला अजून एक शब्द यायचा होता.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला कळायला फार वर्षं लागली. माझ्या वेळी बझर नव्हते, टेबलावर शाळेतल्यासारखी घंटा असायची. एका अंतिम फेरीत "अंत्युखियातील सभास्थानात पौलाने" एवढं ऐकून मी घंटा हाणली आणि बर्णबा, अगब, ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा मिळालं ते गाव, असं अकराव्या अध्यायातलं भडाभडा सांगून टाकलं. प्रश्न तेराव्यातला होता. ते अंत्युखिया पिसिदियातलं, माझं सूरियातलं. अंत्युखिया दोन आहेत हे मला माहीत नव्हतं असं नाही गं. त्या क्षणी मला एकच दिसलं.

म्हणून सगळ्यात आधी एक वही कर, आणि तिच्यात फक्त जुळी लिही. कृत्यांत हनन्या तीन आहेत: सप्पीरेचा नवरा पाचव्यात, दिमिष्कातला शिष्य नवव्यात, आणि पौलाच्या तोंडात मारायला सांगणारा प्रमुख याजक तेविसाव्यात. शिमोन पेत्र, शिमोन जादूगार, शिमोन चांभार. फिलिप्प दोन: येशूच्या बारा प्रेषितांतला एक आणि मंडळीने निवडलेल्या सात सेवकांतला एक, ज्याच्या चार मुली संदेश देत असत. अगब माणूस एकच, पण येतो दोनदा, अकराव्यात दुष्काळाचं सांगायला आणि एकविसाव्यात पौलाच्या कमरबंदाने स्वतःचे हातपाय बांधायला. शौलाचं, म्हणजेच पौलाचं, परिवर्तन तर तीनदा सांगितलंय, नवव्यात, बाविसाव्यात आणि सव्विसाव्यात. त्यात दुपारची वेळ शेवटच्या दोन ठिकाणीच आहे. सगळेच खाली पडले हे फक्त सव्विसाव्यात. नवव्यात सोबतचे लोक अवाक होऊन उभे आहेत. प्रश्न काढणारे इथेच घुटमळतात. मीही काढायचे प्रश्न, म्हणून सांगते. अठ्ठावीस अध्याय असले तरी खोडसाळ प्रश्नांच्या जागा मोजक्याच असतात, आणि त्यातल्या निम्म्या या वहीत सापडतील.

दुसरी यादी याच्या उलट, एकदाच येणाऱ्यांची. युतुख ऐकलं की विसावा अध्याय, तिसरा मजला. रुदा म्हटलं की बारावा, दारावर थाप. तिर्तुल्ल चोविसाव्यात. असं नाव कानावर पडलं की निम्मा प्रश्न तुझ्या खिशात. साधे शब्दही असे असतात. पराणीचंच बघ. बैलाला टोचायची टोकदार काठी, आजोबांना विचार. पराणीवर लाथ मारणं म्हटलं की मी सव्विसावा धरते. पण इंग्रजी किंग जेम्स वाचून आलेल्याला ती नवव्यातही भेटलेली असते, कारण त्या भाषांतरात ते वाक्य दोन्हीकडे आहे. तेव्हा स्पर्धेला कोणती आवृत्ती धरलीय ते नोंदणीच्या दिवशीच विचारून घे आणि मोबाइलमधल्या बायबलमध्ये प्रत्येक शब्द स्वतः शोधून बघ. माझी आजी केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या भाषांतरातली वचनं म्हणायची, आई बायबल सोसायटीच्या. घरात दोघींची जुंपायची आणि दोघीही बरोबर असायच्या. परीक्षकासमोर मात्र एकच बरोबर असते. कॅथलिक मंडळी स्पर्धेत असतील तर आणखी सांभाळ. त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, आपल्यात ६६.

आता पाठांतराविषयी. तू वचनं पाढ्यांसारखी पाठ करतेस, पहिल्यापासून शेवटपर्यंत घडाघडा. छान आहे. पण मधूनच कुणी "सत्तावीस सक?" विचारलं की पुष्कळांना सत्तावीस एकपासून चढत यावं लागतं, तशी तू अध्यायाच्या पहिल्या वचनापासून निघतेस. तेवढा वेळ बझर देत नाही. जुन्या लग्नपत्रिका साठव, त्यांचे को‍रे मागचे भाग पत्त्यांएवढे काप. एका बाजूला "१७", दुसऱ्या बाजूला "थेस्सलनीका, बिरुया, अथेन्स, अज्ञात देवाची वेदी". पिसून काढ. आज सतरावा, मग चौथा, मग सत्ताविसावा. आणि उलटही: अथेन्स म्हटल्यावर तोंडातून सतरा निघालं पाहिजे. वचन पाठ करताना संदर्भ आधीही म्हण आणि शेवटीही म्हण, नाहीतर वचन येतं आणि पत्ता हरवतो.

आकडे वेगळ्या एका कागदावर लिहून आरशाला चिकटव. माडीवर जमलेले १२०, पेंटेकॉस्टला बाप्तिस्मा घेतलेले ३,०००, पुढे विश्वासणारे ५,०००. पौलाच्या जिवावर उठलेले ४०हून अधिक. त्याला रात्री हलवायला २०० शिपाई, ७० घोडेस्वार आणि २०० भालाईत. जहाजावर २७६ माणसं. वेणी घालता घालता होतात पाठ.

आठवड्यातून एकदा सगळं पुस्तक मोठ्याने वाच. अडीचेक तास लागतात, कंटाळा येतो, मला माहीत आहे. पण कार्डांनी तुकडे लक्षात राहतात. पौल यरुशलेमेत आधी पकडला गेला की कैसरियात आधी नेला गेला, हा क्रम सलग वाचल्याशिवाय अंगात मुरत नाही.

बझरबद्दल जे सांगायचंय ते आपल्या भाषेशी बांधलेलं आहे. माझ्या मावसबहिणीची नात अमेरिकेत हाच खेळ खेळते. तिथे 'यूथ फॉर ख्राइस्ट'च्या मेळाव्यांतून १९४०च्या दशकापासून हा पसरला. खुर्चीवर पातळ पॅड असतं आणि पोरं बटण दाबत नाहीत, उठतात. बूड सुटलं की दिवा लागतो. तिने मला तिकडच्या युक्त्या लिहून पाठवल्या होत्या. त्यातली पहिलीच आपल्याला कुचकामी! इंग्रजीत "हू", "व्हेअर", "हाऊ मेनी" हे प्रश्नाच्या तोंडालाच येतं. काय विचारलंय ते आधी कळतं आणि प्रसंग मागून येतो. मराठीत बहुतेक वेळा प्रसंग आधी आणि प्रश्न क्रियापदाला टेकून येतो. "फिलिप्पै येथे जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया मूळची कोणत्या..." इथवर येईपर्यंत तुला अध्याय केव्हाच कळलेला असतो. सोळावा. पण विचारणार काय? गाव, धंदा, की तिच्या घरी कोण उतरलं?

तर ऐकताना दोन खण डोक्यात ठेव. एकात "कुठलं", एकात "काय". दोन्ही भरल्याशिवाय बोट हलवायचं नाही. मराठीत बहुधा "कुठलं" आधी भरतो, मग तू "काय"ची वाट बघत बसायचंस. रविवारच्या प्रश्नात गावाचं नाव "किती"च्या मागे ढकललं होतं, म्हणून तू फसलीस. प्रश्न मी काढला नव्हता, पण ज्याने काढला त्याची मला दाद द्यावीशी वाटते.

आता "काय" लवकर ओळखायची गंमत सांगते. आपले प्रश्नार्थक शब्द जवळजवळ सगळे "क"चे: कोण, काय, कुठे, केव्हा, कसा, किती, का. आवाज यायच्या आधी ओठ ठरतात. कोण, कोणत्या, कुठे म्हणताना ओठांचा चंबू होतो. किती, केव्हा म्हणताना ते ताणले जातात. काय, का, कसा म्हणताना जबडा खाली पडतो. म्हणून प्रश्न वाचला जाताना कागदाकडे किंवा आईकडे बघू नकोस, वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघ. शिवाय बझर वाजल्यावर माणूस लगेच थांबत नाही. अर्धं अक्षर बाहेर पडतंच. "काय" भरत आलंय असं वाटताना दाबायचं आणि ते सांडलेलं अक्षर उचलायचं. माइकमुळे ओठ दिसत नसतील तर हे विसर आणि पूर्ण शब्दाची वाट बघ.

यंत्राचंही थोडं. आपला बझर म्हणजे कुणीतरी इलेक्ट्रिशियनने प्लायवूडवर दारावरच्या बेलची बटणं ठोकून केलेला असतो. पहिलं बटण दाबलं की बाकीची बंद, एवढीच त्यातली हुशारी. पण प्रत्येक बटणाचा स्वभाव वेगळा. एखादं वरवर दाबून लागत नाही, एखादं फुंकर मारली तरी लागतं. सुरुवातीला चाचणी होते तेव्हा तू हसत बसली होतीस. तेव्हाच चार वेळा दाबून बघायचं, कुठवर जातं ते. बोट बटणावर टेकवून ठेव, वर तरंगत ठेवू नकोस. आणि मनगटाने दाब. तू खांद्यापासून हात आणतेस, भाकरी थापल्यासारखा.

घरी सराव करायला बझर नको. धाकट्याला प्रश्न वाचायला बसव, तू ताटावर चमचा मार. मारलास की त्याने तिथेच थांबायचं, आणि तू आधी उरलेला प्रश्न पूर्ण करून दाखवायचा, मग उत्तर. दहातले सात प्रश्न बरोबर पूर्ण झाले की एक शब्द अलीकडे सरक. चारच झाले तर एक शब्द पलीकडे. धाकटा वैतागला तर मोबाइलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड कर, पण स्वतःचे प्रश्न दोन दिवसांत पाठ होतात, त्यात राम राहत नाही.

गुणांचा हिशेब तुम्ही पोरं करतच नाही. बरोबरला १०, चुकलं तर उणे ५, म्हणून तुम्हाला वाटतं फार तर पाचच जातील. पण तुझ्या चुकीनंतर समोरच्याला पूर्ण प्रश्न ऐकायला मिळतो. त्याने सांगितलं की त्याचे १०. म्हणजे फरक पंधराचा पडला. रविवारी तुम्ही दहाने पुढे होतात, दोन प्रश्न बाकी होते. तेव्हा गप्प बसून त्यांना चुकू द्यायचं होतं. मागे असतीस, तर मीच म्हटलं असतं, मार उडी.

आणि तिघींत ठरवून घ्या, पहिले दहा अध्याय कुणाचे, प्रवास कुणाचे, खटले आणि जहाज कुणाचं. दुसरीच्या अध्यायातला प्रश्न आला की आपलं बोट जरा सैल सोडायचं. हे सांगायला सोपं आहे. मला आजही जमणार नाही.

कुणीतरी तुला म्हणालं म्हणे, की देवाचं वचन म्हणजे काय बटण दाबायचा खेळ आहे का. मला पूर्वी राग यायचा, आता येत नाही. ज्या पोरीला टबीथेसाठी किती माणसं धावली हे आता जन्मात विसरता येणार नाही, तिला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

शनिवारी चारला ये. जुळ्यांची वही आण, निम्मी भरली असली तरी चालेल. बझर मी मागून आणला आहे, त्याचं तीन नंबरचं बटण अडकतं. येईपर्यंत एक प्रश्न अर्धाच देऊन ठेवते: "पौलाच्या बहिणीच्या मुलाचा हात धरून..." अध्याय तुला आत्ताच कळला असेल. कुठल्या शब्दावर दाबशील, ते येऊन सांग.

तुझी,
संडे स्कूलची बाई