बजेटचा आकडा आणि वर्कशॉपमागची भिंत

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चौघांनी मिळून रणगाड्यासारख्या ट्रॅकवर चालणारी, रिमोटवरची छोटी गाडी बनवली. (प्रात्यक्षिकाच्या दिवशी ती वर्कशॉपच्या मागे गेली, संपर्क तुटला आणि भिंतीवर आदळली, पण तोवर आमचे मार्क देऊन झाले होते.) सरकारं मानवरहित लष्करी वाहनांवर अब्जावधी डॉलर ओतताहेत, असं रोज वाचते. एका संस्थेचा याच विषयाचा वर्षभराचा कोर्स आहे. फी बरीच आहे, बाबा शैक्षणिक कर्ज काढायला तयार आहेत. आईला मात्र हे क्षेत्रच नको आहे. ती म्हणते, "माणसं मारायची यंत्रं बनवायला शिकवलं का तुला?" मॅडम, एवढा सरकारी पैसा येतोय तर शिरायची हीच वेळ आहे ना?

उत्तर : तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू कंसात टाकली आहेस. तिच्याकडे येतेच. पण कर्ज निघायच्या बेतात आहे, म्हणून आधी पैशाचं बोलू.

बातमीत येतो तो आकडा एकगठ्ठा असतो. त्याची फोड कुणी वाचत नाही. अमेरिकेचं उदाहरण घे, कारण त्यांचा बराचसा हिशेब कुणालाही वाचता येतो. २०२६ या आर्थिक वर्षासाठी तिथल्या संरक्षण खात्याने स्वायत्त यंत्रणांसाठी १३.४ अब्ज डॉलर मागितले. वाचून कुणाचेही डोळे दिपतील. त्यातले ९.४ अब्ज उडणाऱ्या यंत्रांसाठी. समुद्रावर चालणाऱ्यांसाठी १.७ अब्ज, पाण्याखालच्यांसाठी ७३ कोटींच्या आसपास. आणि जमिनीवर चालणाऱ्या, म्हणजे तुझ्या गाडीच्या थोरल्या बहिणींसाठी? २१ कोटी. शंभरातले दोनसुद्धा नाहीत. बातमी वाचताना तुझ्या डोळ्यांसमोर ट्रॅकवरची गाडी होती, पैसा मात्र आकाशात चालला होता.

शिवाय हे 'मागितले' आहेत. मागणी, संसदेची मंजुरी, संशोधन, नमुना, चाचण्या, मग खरेदी, अशी ही लांबलचक रांग असते आणि गाडी कुठल्याही पायरीवर अडकू शकते. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, २००१च्या संरक्षण कायद्यात उद्दिष्टच लिहून ठेवलं होतं : २०१५पर्यंत लष्कराच्या लढाऊ जमिनी वाहनांपैकी एक तृतीयांश मानवरहित असावीत. कायद्यात लिहिलेलं! २०१५ आलं आणि गेलं, उद्दिष्ट कागदावरच राहिलं. त्याच काळात 'फ्यूचर कॉम्बॅट सिस्टिम्स' नावाचा अवाढव्य कार्यक्रम चालू होता. त्यात सैनिकांचं सामान वाहणारी एक चालकविरहित गाडी होती, नाव होतं 'म्यूल', म्हणजे खेचर. २००९मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी तो कार्यक्रम मोडीत काढला. तोवर सुमारे १८ अब्ज डॉलर खर्च झाले होते. खेचर आणखी थोडे दिवस तगलं, मग तेही गेलं. त्या गाडीवर उमेदीची वर्षं घालवणारे इंजिनिअर होतेच ना? कार्यक्रम रद्द झाल्याची बातमी होते, त्यांची होत नाही.

म्हणून बजेटच्या आकड्यावरून करिअर ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मी शहाणपण मिरवायला सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका वेगळ्याच क्षेत्रात सरकारी पैशाचा पूर आला होता, तेव्हा मीच दोन-तीन मुलांना "डोळे मिटून जा" म्हटलं होतं. पूर ओसरला. त्यांतला एक अजून फोन करतो, तक्रार करत नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

आणखी एक गोष्ट बघायला शीक. तरतूद संशोधनाची आहे की खरेदीची? संशोधनाच्या पैशावर मोजकी माणसं लागतात, बहुतेक पदव्युत्तर किंवा पीएचडी झालेली. खरेदी सुरू झाली की उत्पादन, गुणवत्ता तपासणी, सुटे भाग, दुरुस्ती, वापरणाऱ्यांचं प्रशिक्षण अशा जागा निघतात आणि त्या बरीच वर्षं टिकतात. तुझ्यासारख्या बी.ई. झालेल्या मुलीसाठी दुसऱ्या प्रकारचा पैसा जास्त कामाचा. बातम्या मात्र पहिल्याच्या जास्त येतात, कारण त्यात रोबोचे फोटो असतात.

जमिनीवरच्या गाड्यांना एवढा कमी पैसा का, हे समजून घे, कारण तुझी खरी संधी तिथेच आहे. आकाशात खड्डे नसतात. जमिनीवर चिखल, चर, काटेरी तारा, गुडघ्याएवढं गवत. गवतामागे दगड आहे की नुसतंच गवत, हे माणसाला नजरेने कळतं, सेन्सरला सहज कळत नाही. २००४मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संशोधन संस्थेने मोहावी वाळवंटात चालकविरहित गाड्यांची शर्यत लावली होती, बक्षीस दहा लाख डॉलर. अंतर दीडशे मैलांच्या आसपास, आणि सगळ्यात पुढे गेलेली गाडी साडेसात मैलांच्या आत संपली. एका वळणावर ती कडेला उतरली, बांधावर पोट टेकलं, आणि पुढच्या चाकांच्या रबराने पेट घेतला. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पुढच्या वर्षी पाच गाड्यांनी सगळा मार्ग पार केला. पहिली आली ती स्टॅनफर्ड विद्यापीठाची. त्या चमूचे प्रमुख सेबास्टियन थ्रन यांनी पुढे २००९मध्ये गूगलचा चालकविरहित मोटारींचा प्रकल्प सुरू केला. म्हणजे पैसा सैन्याचा होता, विद्या मात्र नागरी रस्त्यावर आली. उलटीकडूनही तेच. इराक-अफगाणिस्तानात बॉम्ब शोधायला वापरलेला 'पॅकबॉट' ज्या कंपनीने बनवला, तिचंच दुसरं यंत्र घरातली फरशी झाडतं.

आता तुझा कंस.

गाडी वर्कशॉपच्या मागे गेली, संपर्क तुटला, भिंतीवर आदळली. तू हे एका वाक्यात उरकलंस, जणू लाज लपवतेयस. २०१८मध्ये रशियाने 'उरान-९' नावाची मानवरहित लढाऊ गाडी सीरियात नेली होती. नंतर रशियन तज्ज्ञांनीच एका परिषदेत सांगितलं, की काही किलोमीटर अपेक्षित असताना वस्तीत नियंत्रण जेमतेम तीनशे ते पाचशे मीटरपर्यंत चाललं, संपर्क सतरा वेळा मिनिटभरापर्यंत तुटला आणि दोनदा तर तब्बल दीड तासापर्यंत. तुझ्या गाडीला जो रोग झाला, तोच. युक्रेनच्या युद्धात जॅमिंगला, म्हणजे शत्रूने रेडिओ सिग्नल दाबून टाकण्याला, कंटाळून ड्रोनच्या मागे कित्येक किलोमीटर ऑप्टिकल फायबरची तार सोडायची पाळी आली, त्यामागेही हेच दुखणं आहे.

पण संपर्क तुटला यापेक्षा मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो : संपर्क तुटल्यावर गाडी थांबली का नाही? माझा अंदाज सांगते, कारण अशा बऱ्याच प्रोजेक्टच्या कहाण्या माझ्या टेबलावर येतात. तुमच्या रिसीव्हरचं फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावर काय करायचं याची सोय, 'होल्ड'वर असणार. सिग्नल गेला की तो शेवटची आज्ञाच धरून बसतो, आणि शेवटची आज्ञा होती 'पुढे'. कोडमध्ये वॉचडॉग टायमर असता, तर अर्ध्या सेकंदात नवी आज्ञा आली नाही म्हणून मोटरचा पुरवठा तोडला गेला असता. भिंत वाचली असती. ही पाच ओळींची गोष्ट आहे, आणि याच गोष्टीवर माणसांच्या नोकऱ्या उभ्या आहेत : रेडिओ लिंक, एम्बेडेड कंट्रोल म्हणजे यंत्रातच बसवलेल्या चिपवरून नियंत्रण, सुरक्षित बिघाड, चाचणी. हे येणाऱ्या माणसाला लष्करी कार्यक्रम बंद पडला तरी शेतीची यंत्रं, खाणीतले ट्रक, गोदामातले रोबो, बंदरं, हॉस्पिटलची उपकरणं बनवणारे लोक बोलावतात.

कोर्सबद्दल. नावात 'डिफेन्स' आहे म्हणून फी जास्त आहे का, ते बघ. संस्थेला तीनच गोष्टी विचार. वर्षभरात प्रत्यक्ष यंत्रावर किती तास मिळतात? चाचणी उघड्यावर, ओबडधोबड जमिनीवर होते की हॉलमधल्या टाइल्सवर? आणि मागच्या तुकडीतल्या दोघांशी बोलायला मिळेल का? तिसऱ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली, तर कर्जाचा अर्ज फाडून टाक. माझा कल विचारशील तर शेवटच्या वर्षाला एम्बेडेड आणि कंट्रोल हे ऐच्छिक विषय घे, सुटीत एखाद्या ऑटोमेशनच्या कारखान्यात इंटर्नशिप कर, आणि कर्ज काढायचंच असेल तर ते एम.टेक.साठी राखून ठेव.

एक व्यवहाराची गोष्ट तुम्हाला घरी कुणी सांगितली नसेल. परदेशी बजेटचे आकडे बघून परदेशी संरक्षण कंपन्यांची स्वप्नं बघू नकोस. ज्या देशाचा पैसा, त्या देशाचा नागरिक, असा तिथला मामला आहे. अमेरिकेत तर शस्त्रांशी संबंधित तांत्रिक माहिती परदेशी माणसाला नुसती दाखवायलाही परवाना लागतो. मग त्यांचे १३.४ अब्ज तुझ्या कामाचे किती, हिशेब तूच कर.

राहता राहिली आई. ती चुकते आहे असं मी म्हणणार नाही. यातली काही यंत्रं मारण्यासाठीच असतात, आणि शस्त्राने माणसाच्या निर्णयाशिवाय गोळी झाडावी की नाही, यावर जिनिव्हात २०१४पासून देशोदेशीचे प्रतिनिधी बोलताहेत, अजून एकमत नाही. पण युक्रेनमध्ये जखमींना मागे आणणाऱ्या, आघाडीवर पाणी पोचवणाऱ्या, सुरुंग काढणाऱ्या गाड्याही मानवरहितच आहेत. कुठलं काम करशील, कुठलं नाही, ही रेघ तुझी तूच ओढायची, आणि ती नोकरीच्या मुलाखतीआधी ओढलेली बरी. आईशी वाद घालू नकोस. तिला एकदा वर्कशॉपमध्ये ने, गाडी दाखव.

फक्त त्याआधी ते फेलसेफ नीट कर. रिमोट हातात असताना मुद्दाम बंद कर, गाडी किती सेंटिमीटरवर थांबते ते टेपने मोज, दहा वेळा मोज, कोरड्या फरशीवर आणि ओल्या मातीवरही, आणि ते आकडे मला पाठव.