'उचलून घेतलं', 'वर घेतलं' की 'स्वर्गारोहण'?

पारोळा तालुक्यातल्या एका तरुण वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या मोहल्ल्यातली मंडळी शेजारपाजारच्या मराठी वाचकांसाठी नबींची, म्हणजे पैगंबरांची, ओळख करून देणारं चार पानांचं पत्रक काढताहेत. हजरत ईसांच्या (म्हणजे येशूच्या) परिच्छेदात मूळ उर्दू वाक्य असं: 'अल्लाह ने उन्हें अपनी तरफ उठा लिया.' यांनी मराठी केलं, 'अल्लाहने त्यांना उचलून घेतलं.' घरी वाचून दाखवलं तेव्हा दादी म्हणाली, "म्हणजे मरी ग्यात का त्या?" (मेले का ते?) मग शाळेपासूनच्या ख्रिस्ती मित्राने 'स्वर्गारोहण' सुचवलं, तर मौलाना म्हणाले, हा शब्द चर्चचा आहे. मग लिहायचं काय? सोबत मसुद्याचा तो परिच्छेदही पाठवला आहे.

आधी दादीला सलाम. त्यांचा कान पक्का आहे. 'देवाने उचललं' म्हटलं की मराठी माणसाला दुसरा अर्थ सुचतच नाही. खाटेवर पडलेली म्हातारी 'देवा, उचल रे आता मला' म्हणते, तेव्हा ती मरणच मागत असते. बाकी ठिकाणीही 'उचलणे' फारसं सोज्वळ नाही. पोलीस उचलतात, भुरटा चोर उचलतो, आणि सालदार दिवाळीच्या तोंडावर मालकाकडून उचल घेतो. उर्दूतल्या 'उठा लेना'लाही मरणाची छटा आहेच, पण शेजारी 'अपनी तरफ' आणि पुढेमागे 'जिंदा' असल्यामुळे तिथे ती दबते. मसुद्यात हे दोन्ही शब्द गळले आहेत. नुसतं 'उचलून घेतलं' उरलं, आणि जे सांगायचं होतं त्याच्या नेमकं उलट झालं.

कारण मुसलमानांची श्रद्धा अशी की ईसा मेलेच नाहीत. कुरआनात 'अन-निसा' या सूरेत, म्हणजे अध्यायात (आयत 157-158) म्हटलं आहे, की त्यांना ना ठार मारलं गेलं, ना क्रूसावर चढवलं गेलं. लोकांना तसं भासलं. अल्लाहने त्यांना आपल्याकडे वर घेतलं. तिथे अरबी क्रियापद आहे 'रफअ', म्हणजे वर करणं, उंचावणं. हे क्रियापद आपण रोज वापरतो आणि आपल्याला पत्ता नसतो: प्रकरण 'रफादफा' केलं म्हणतो, त्यातला 'रफा' हाच. 'रफा' म्हणजे उचलून बाजूला काढणं, 'दफा' म्हणजे लोटून देणं. कुठल्या कुठे आला बिचारा.

आता 'स्वर्गारोहण'. मौलाना म्हणतात ते बरोबर आहे, पण मला त्याहून मोठी अडचण व्याकरणाची वाटते. आरोहण म्हणजे चढणं, आणि चढणारा स्वतः चढतो. महाभारताचं शेवटचं, अठरावं पर्व याच नावाचं आहे. ख्रिस्ती श्रद्धेत हा शब्द चपखल बसतो, कारण तिथे येशू हा देवाचा पुत्र, स्वतःच्या सामर्थ्याने वर जाणारा. कॅथलिक चर्च तर हा फरक काटेकोर पाळतं: येशू वर गेला, मरिया वर घेतली गेली, आणि त्या दुसऱ्या घटनेचा सण 15 ऑगस्टला येतो. ईसा मात्र चढले नाहीत, त्यांना घेतलं गेलं, कर्ता अल्लाह. शिवाय 'स्वर्ग' हाही शब्द इथे अडतो. मराठी मुसलमान वाचक 'स्वर्ग' वाचून 'जन्नत' समजेल, आणि जन्नत ही हिशेबानंतरची गोष्ट. मेराजच्या, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या आसमानांतल्या प्रवासाच्या, हदीसेत (पैगंबरसाहेबांविषयीच्या परंपरेने आलेल्या कथनात) त्यांना ईसा दुसऱ्या आसमानात भेटतात, सोबत याह्या (बायबलातला बाप्तिस्मा करणारा योहान) असतात. तेव्हा जागा सांगायचीच असेल तर 'आसमान' म्हणा. तो शब्द मराठीला परका नाही, सुलतानी संकटाबरोबर आसमानी संकट आपण कितीतरी वर्षं म्हणत आलो आहोत.

गंमत पुढेच आहे. मराठी बायबलात 'प्रेषितांची कृत्ये' उघडलंत तर पहिल्याच अध्यायात येशू 'वर घेतला गेला' असं वाचायला मिळेल. म्हणजे ज्या मित्राने 'स्वर्गारोहण' सुचवलं त्याच्याच ग्रंथात तुम्हाला हवं असलेलं साधं क्रियापद पडून आहे. 'वर घेतलं' यावर दोन्ही घरांचं एकमत. येशू किंवा ईसा आज जिवंत आहेत, वर आहेत आणि पुन्हा येणार आहेत, यावरही एकमत. भांडण आहे ते मरण कुठे ठेवायचं यावर. ख्रिस्ती क्रम असा: क्रूसावर मरण, तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठणं, त्यानंतर चाळीस दिवसांनी वर घेतलं जाणं, शेवटी पुन्हा येणं. मुसलमानांचा क्रम असा: आधी वर घेतलं जाणं, मग कयामतीच्या आधी पुन्हा येणं (हदीसेत दमास्कसच्या पूर्वेकडचा पांढरा मिनार सांगितला आहे), मग सर्वांसारखं मरण, आणि मग सर्वांबरोबर उठणं. शब्द चारच. एकाने मरण पहिल्या घरात मांडलं, दुसऱ्याने तिसऱ्या. पण घराच्या या फरकावर फार काही उभं आहे. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आमचा उपदेशच व्यर्थ, असं बायबलातल्या पत्रात प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहून ठेवलं आहे. म्हणून पत्रकात हा क्रम शब्दाने सांभाळायचा, सूचकतेवर सोडायचा नाही.

'उठणे' हे क्रियापद तर याच कारणासाठी मी अजिबात वापरणार नाही. ख्रिस्ती माणूस 'येशू उठला' म्हणतो तेव्हा तो कबरेतून उठला असं म्हणत असतो. तुमचं उर्दू 'उठा लिया' कबरेला बगल देऊन वर जातं. आणि जळगाव-धुळ्याच्या पेपरात आतल्या पानावर मारवाडी, सिंधी, गुजराती घरांच्या 'उठावणा'च्या चौकटी असतात त्या वेगळ्याच, तिथे शोकसभा उठते. एका धातूवर एवढी गर्दी झाली की प्रूफ वाचणाऱ्याने तरी तिथून निघून जावं.

तुमच्या मसुद्यात एक वाक्य आहे, 'ईसा पैगंबरवासी झाले नाहीत.' हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. 'पैगंबरवासी' ही मराठी वर्तमानपत्री घडण आहे. हिंदू गेला तर कैलासवासी, ख्रिस्ती गेला तर ख्रिस्तवासी, मग मुसलमानाला काय म्हणायचं, तर हे. सद्भावनेने केलेलं आहे, पण उर्दूत कोणी असं म्हणत नाही, 'मरहूम' म्हणतात. आणि इथे तर बोलणं एका पैगंबराविषयीच चाललं आहे! काढून टाका. 'ईसांना मरण आलं नाही' एवढं पुरे.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगतो, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मित्राने दिलेल्या उताऱ्यात येशूसाठी 'तो' आहे आणि तुमच्या मसुद्यात ईसांसाठी 'ते'. तुमच्यापैकी कुणीतरी समासात पेन्सिलीने लिहिलं आहे, 'यांच्याकडे नबींना एकेरी का?' तो अनादर नाही. मराठीत देवाला आपण एकेरीच हाक मारतो. विठ्ठल उभा असतो, 'आहेत' नसतो. अल्लाहलाही तुम्ही मसुद्यात 'तो'च लिहिलं आहे, आणि ते बरोबरच आहे. संत, गुरू, नबी, वडीलधारे यांना 'ते'. जुन्या मराठी बायबलाने येशूला 'तो' म्हटलं, कारण त्या घरात येशू देव आहे. तुम्ही 'ते' म्हणता, कारण तुमच्या घरात ते थोर नबी आहेत, देव नाहीत. दोन धर्मांमधला सगळ्यात मोठा मतभेद मराठीने एका कान्यात बसवून ठेवला आहे, आणि बिनबोभाट. मित्राचा 'तो' सुधारू नका, तुमचा 'ते' सोडू नका.

परिच्छेदात 'आल-इमरान' या सूरेतली पंचावन्नावी आयतही घेतली आहे, अल्लाह ईसांना उद्देशून बोलतो ती. तिथला 'मुतवफ्फीक' हा शब्द नाजूक आहे. धातू तोच ज्यातून 'वफा' आणि 'वफात' दोन्ही निघाले. मूळ अर्थ पुरं करणं, पुरतं घेणं. वचन पुरं केलं ती वफा, आयुष्य पुरं झालं ती वफात. आपल्याकडे 'दिवस भरले' म्हणतात ना, तसं. गरोदर बाईचे दिवस भरले की पाळणा, म्हाताऱ्याचे भरले की तिरडी. शब्द तेच, अर्थ कुणाविषयी बोलतोय त्यावर. कुरआनातच 'अज-जुमर'मध्ये (आयत 42) झोपेतही जीव असाच 'घेतला' जातो असं आहे, म्हणून बहुतेक भाष्यकार ईसांच्या बाबतीत 'पुरतं घेणं' असा अर्थ लावतात. सगळे नाही. कैरोच्या अल-अझहर विद्यापीठाचे महमूद शलतूत यांनी 1942 मध्ये इथे साधा मृत्यूच आहे असं मत दिलं होतं, आणि अहमदिया जमात ईसांची कबर श्रीनगरच्या खानयार भागात आहे असं मानते, जे इतर मुसलमानांना मान्य नाही. चार पानी पत्रकात हे सगळं नको. 'मी तुला पुरतं आपल्याकडे घेईन' असं लिहा आणि पुढे चला.

'सुळावर चढवलं' हेही बदला. उर्दूच्या 'सूली'वरून ते आलं आहे, पण मराठी सूळ म्हणजे माणसाच्या शरीरात घुसवायचा टोकदार खांब. ती शिक्षाच निराळी. 'वधस्तंभ' हा बायबलचा शब्द चांगला ठसठशीत आहे, पण त्याच्या पहिल्या दोन अक्षरांतच वध होऊन जातो, आणि तुम्हाला तर वध झाला नाही असं सांगायचं आहे. 'क्रूस' घ्या. पोर्तुगीजांकडून आला, दोन आडव्याउभ्या लाकडांपलीकडे काही बोलत नाही.

एका ज्येष्ठ मित्राशी या प्रश्नावर बोललो तर ते म्हणाले, आपली मुक्ताई आहे की, तिच्यासारखं 'गुप्त झाले' लिहा. तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली, असंच आपल्याकडे सांगतात. मुक्ताईनगरला वैशाखात होतो तो अंतर्धान सोहळा. मराठीकडे अशा जाण्याचे शब्द खरंच भरपूर आहेत. ज्ञानोबांची संजीवन समाधी, तुकोबांचं सदेह वैकुंठगमन, महानुभावांच्या चक्रधरस्वामींचं उत्तरापंथे गमन. मला मोह झाला होता. पण प्रत्येक शब्दाला आपापल्या संप्रदायाचा बुक्का लागलेला आहे, आणि 'गुप्त झाले' म्हटलं की कुठे, कुणाकडे हे निसटतं. अरबी वाक्याचा जीव 'आपल्याकडे' या शब्दात आहे.

तेव्हा परिच्छेद असा करा: 'लोकांना वाटलं की हजरत ईसांना क्रूसावर मारलं. कुरआन सांगतं की तसं झालं नाही, लोकांना फक्त तसं भासलं. अल्लाहने ईसांना जिवंतपणीच आपल्याकडे वर घेतलं. कयामतीच्या आधी ते पुन्हा येतील.' छापण्याआधी एकदा दादींना वाचून दाखवा.

आणि शेवटच्या पानावर 'ख्रि. स.' खोडून 'इ. स.' करू का असं विचारलं आहे. करा. इसवी म्हणजे ईसांचं. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत इतका मुरला आहे, की तुमचा ख्रिस्ती मित्रही आपली जन्मतारीख इसवी सनातच सांगत असेल.