पंजाबातलं गव्हाचं वाण आपल्याकडे का चालत नाही? सगळीकडे भरघोस पिकेल असं एकच वाण का काढत नाहीत?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तुम्ही आणलेलं एच.डी. २९६७ तिकडच्या लांब थंडीचं, साधारण १४० दिवसांचं वाण. आपल्याकडे फेब्रुवारीतच ऊन चढतं, नेमकं दाणे भरायच्या वेळी, आणि दाणा चिमतो. जमिनीला दोष देऊ नका.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला बोलायचंच आहे. गव्हाच्या चाचण्यांवर काही वर्षं काम केलंय आणि नेमक्या याच मुद्द्यावर आमच्या साहेबांशी माझं वाजलं होतं.

ओळींचा (ओळ म्हणजे अजून वाण म्हणून बाहेर न आलेला, चाचणीतला गहू) एकच संच आम्ही संशोधन फार्मवरच्या काळ्या जमिनीत पेरला होता, भरपूर पाणी देऊन. आणि बाहेर एका मुरमाड तुकड्यावर, फक्त दोन पाण्यांवर. मी निवडलेली एक ओळ काळ्या जमिनीत मधेच कुठेतरी होती, मुरमाडावर मात्र तुल्य वाणाच्या, म्हणजे तुलनेसाठी शेजारी पेरलेल्या प्रचलित वाणाच्या, सरळ पुढे. बैठकीत साहेबांनी मुरमाडाचा अख्खा रकाना खोडला. "सी.व्ही. बघ केवढा आलाय. असली जागा धरायचीच नाही." (सी.व्ही. म्हणजे एकाच चाचणीतल्या आकड्यांमधला चढउतार; तो जास्त असला की आकड्यांवर भरवसा कमी.) मी म्हटलं, "साहेब, शेतकऱ्याकडे असलीच जागा असते." लोक हसले. ओळ गेली.

जागा बदलली की उत्पादन कमी-जास्त होणारच, त्याचं काही नाही. खरी गंमत ओळींचे पहिला-दुसरा असे नंबर बदलतात तेव्हा होते. काळ्या जमिनीत जिंकणाऱ्या ओळी फुटवे भरपूर काढतात, पसरतात, उशिरा निसवतात. शेवटची पाणी मिळाली नाहीत की त्यांच्या ओंब्या अर्ध्या पोकळ. माझी ओळ फुटवे कमी काढायची, पण लवकर निसवून दाणा भरून मोकळी व्हायची. आता सरासरी काढा: हेक्टरी ५५ क्विंटल पिकणाऱ्या जमिनीत त्या ओळी ५ क्विंटलनी पुढे आणि १८ क्विंटल पिकणाऱ्या जमिनीत माझी ३ नी. सरासरीत ५ जिंकतात. पण १८ वाल्याला ते ३ क्विंटल म्हणजे सहावा हिस्सा!

यावर हमखास हरितक्रांतीचे गहू काढणाऱ्या नॉर्मन बोरलॉगचं नाव तोंडावर फेकतात: त्यांचे गहू नाही का मेक्सिकोतून येऊन इथे चालले? चालले. पण त्यांनी एकाच फार्मवर बसून निवड केली नव्हती. तेच बियाणं हिवाळ्यात मेक्सिकोतल्याच सोनोराच्या सपाट बागायतीत आणि उन्हाळ्यात टोलुकाच्या अडीच हजार मीटरहून उंच, पावसाळी पठारावर. वर्षाला दोन पिढ्या. दोन्हीकडे टिकलं तेच पुढे न्यायचं. त्यातूनच दिवस लहान-मोठा झाला तरी न अडणारे गहू निघाले. गैरसोयीची जागा खोडून नव्हे.

तेव्हा पिशवीवरचा क्विंटलचा आकडा बघून बियाणं घेऊ नका. विक्रेत्याला विचारा, हा आकडा किती पाण्यांवरचा आणि कधीच्या पेरणीचा. कमी पाण्यासाठी आपल्याकडे निफाडच्या गहू संशोधन केंद्राचं नेत्रावती वाण आहे. पेरणी लांबली तर फुले समाधान. दोनच पाणी असतील तर पहिलं विसाव्या-एकविसाव्या दिवशी आणि दुसरं साठ-पासष्टाव्या दिवशी. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी उरका; त्यानंतर दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटलची घट धरतात.

हेही सांगायला हवं: मुरमाड तुकड्यावर जमीन वावभर अंतरावर बदलते, त्यामुळे फरक ओळीचा की मातीचा हे एका हंगामात ठरत नाही. साहेबांच्या सी.व्ही.त तेवढं तथ्य होतं. पण त्यावर उपाय म्हणजे पुनरावृत्ती वाढवा (तीच ओळ जास्त वाफ्यांत पेरा), तशा आणखी जागा घ्या. रकाना कशाला खोडता? शिवाय माझ्या ओळीची तांबेरा रोगाची तपासणी व्हायचीच होती, तिथे ती पडलीही असती. आणि तुमच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी असेल तर वरचं बरंचसं विसरा, बागायती चाचणीत पहिलं आलेलं आपल्या भागाचं वाण घ्या.

पाणी किती आणि पेरणी कधी, हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलंच नाही. ते सांगा, मग वाणाचं नक्की बोलू.